पायाखाली एकच ब्रेक

डॅशबोर्डवर एक बटण असतं. त्यावर घसरणाऱ्या गाडीचं चित्र आणि गाडीच्या मागे चाकांच्या दोन नागमोडी रेघा. बहुतेकांना ते कशाचं आहे हे ठाऊक नसतं आणि त्यावाचून त्यांचं काही अडतही नाही. मला ठाऊक होतं, आणि कुणाचीही नवी गाडी हातात आली की मी आधी तेच दाबून धरायचो. पिवळा दिवा लागायचा. इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल, म्हणजे ईएससी, बंद. आता गाडी, रस्ता आणि मी. मधे चौथं कुणी नको, असा माझा बाणा होता आणि तो मी लपवूनही ठेवत नसे. कुठली गाडी घ्यावी असं विचारायला येणाऱ्यांना मी सांगायचो, असल्या पेट्यांवर पैसे घालवू नका. त्या पैशांत चांगले टायर घ्या आणि उरलेल्यात गाडी चालवायला शिका.

टायरबद्दलचं मत अजून तेच आहे. बाकीचं बदललं. आता विचारायला येणाऱ्याला मी सांगतो, ज्या गाडीत ईएससी नाही ती कितीही स्वस्तात पडत असली तरी घेऊ नका. हे माझ्या तोंडून ऐकल्यावर जुनी मंडळी चेष्टा करतात, 'काय, वय झालं वाटतं?' असं विचारतात. प्रत्येकाला बसवून सगळं सांगणं होत नाही, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

आधी जुन्या मताची बाजू मांडायला हवी, कारण ते हवेतून आलेलं नव्हतं. मी गाडी शिकलो वाई-पाचगणीच्या पसरणी घाटात, काकांच्या जीपवर. ताकद मागच्या चाकांना, पॉवर स्टेअरिंग नाही, आणि ब्रेक दाबायला अख्खी मांडी कामाला लावावी लागायची. "स्टेअरिंगला मिठी मारू नगंस," काका म्हणायचे. "सैल धर. चाक काय म्हणतंय ते हाताला कळू दे." आणि ते कळतं. पुढची चाकं रस्ता सोडायला लागली की स्टेअरिंग एकदम हलकं, पोकळ लागतं. मागची सुटायला लागली की ते आधी बुडाला कळतं, डोळ्यांना नंतर. वळणाच्या आधी गाडी सरळ असतानाच ब्रेक मारायचा, गियर खाली घ्यायचा आणि वळणात पाय हलकासा ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडी ओढती ठेवायची. वळणाच्या पोटात ब्रेक मारणाऱ्याला काका ड्रायव्हरच मानत नसत. पावसाळ्याच्या पहिल्या सरीत ते शक्यतो जीप काढायचे नाहीत. महिनोन्‌महिने डांबरावर बसलेलं तेल, टायरची भुकटी आणि धूळ यांचा पहिल्या पाण्याबरोबर बुळबुळीत लेप होतो. चांगल्या झोडपणाऱ्या सरींनी रस्ता धुऊन निघाला की तोच ओला रस्ता चाकाला पुन्हा बऱ्यापैकी धरू देतो. पुण्या-मुंबईत दरवर्षी पहिल्या पावसात दुचाक्या धडाधड घसरतात त्या या लेपावरून.

पुढे इंजिनिअरिंग शिकताना या शिकवणीमागचं गणित हाती लागलं. बाराशे किलोची गाडी धरा. एकेका चाकावर साधारण तीनशे किलो. टायरमध्ये हवा ३२ पीएसआय. भागाकार केला तर प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम १३५ चौरस सेंटीमीटर टेकलेला निघतो. तळहात आणि बोटं मिळून होते तेवढी ही जागा. चारही चाकांची मिळून धरली तरी ती ए-फोर आकाराच्या एका कागदात मावते. वेग घेणं, वळणं, थांबणं, जे काही करायचं ते या कागदाएवढ्या जागेच्या जोरावर.

ही पकड म्हणजे महिन्याचा बांधलेला पगार. वळणं त्यातूनच भागवायचं आणि थांबणंही त्यातूनच. फक्त हे दोन खर्च एकमेकांच्या काटकोनात असल्यामुळे हिशोब सरळ वजाबाकीचा नसतो. ८० टक्के पकड वळण्यात गेली तरी ब्रेकसाठी ६० टक्के उरते. ९५ टक्के गेली तर मात्र उरते ती ३० टक्क्यांच्या आसपास. आणि सगळीच वळण्यात उडवली असेल तर ब्रेकला नुसता पाय लावला तरी चाक सुटतं. ५० मीटर त्रिज्येचं वळण चांगल्या कोरड्या डांबरावर फार तर ताशी ६७ किलोमीटरने निघतं. तेच ओल्या, गुळगुळीत झालेल्या रस्त्यावर ५० ला संपतं. ताशी ६० च्या वेगात गाडी थांबवायला कोरड्यावर २० मीटर लागतात आणि ओल्यावर ३५. शिवाय पाय ब्रेकवर पोचेपर्यंत जो सेकंद जातो त्याचे १७ मीटर वेगळे. या हिशोबात इंजिनाची ताकद कुठेच येत नाही, आणि गाडीचं वजनही येत नाही. 'जड गाडी रस्ता धरून चालते' असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. जड गाडीची चाकं जास्त दाबाने टेकतात हे खरं, पण वळवायचा आणि थांबवायचा बोजाही त्याच पटीत वाढलेला असतो. फिटंफाट होते.

काकांचं शिक्षण आणि हे गणित यांतून माझं मत तयार झालं होतं. पकड मर्यादित आहे, ती कुठे किती खर्च होते हे चालवणाऱ्याला कळलं पाहिजे, ज्याला कळत नाही त्याने हळू जावं. ईएससी पकड वाढवत नाही, हे शंभर टक्के खरं आहे. मग जी गोष्ट पकडच वाढवत नाही ती घेऊन करायचं काय?

याला पुराव्याचा टेकूही होता. ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी एबीएस यंत्रणा बॉशने १९७८ मध्ये मर्सिडीझच्या एस-क्लासमध्ये आणली. ब्रेक कचकचून दाबलेला असतानाही स्टेअरिंग चालू राहतं हा तिचा मोठा गुण, आणि चाचण्यांत तिने नाव काढलं. पण १९८० च्या दशकात म्युनिकमधल्या टॅक्सीवाल्यांवर एक अभ्यास झाला. काहींच्या गाड्यांत एबीएस होतं, काहींच्या नव्हतं. एबीएसवाल्यांचे अपघात कमी झालेले दिसले नाहीत, उलट ते जास्त घाईने, पुढच्या गाडीला खेटून चालवताना आढळले. अमेरिकेतही १९९० च्या दशकात एबीएसमुळे मृत्यू जेवढे घटतील असं वाटलं होतं तेवढे घटले नाहीत. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जेराल्ड वाइल्ड यांची उपपत्ती या सगळ्यावर चपखल बसायची. माणूस काही एक धोका पत्करायला तयारच असतो. गाडी सुरक्षित केली की तो वेग वाढवून धोका पुन्हा होता तेवढा करून घेतो. ही उपपत्ती मी वादात हुकमाच्या पानासारखी टाकायचो.

आणि १९९७ च्या ऑक्टोबरमधलं प्रकरण तर माझ्या पथ्यावरच पडलं होतं. मर्सिडीझने ए-क्लास नावाची छोटी गाडी आणली होती. समोरून टक्कर झाली तर इंजिन माणसांच्या अंगावर न येता खाली सरकावं म्हणून तिचा तळ दुहेरी केलेला. त्यामुळे बसणारे उंचावर, गुरुत्वमध्य वर आणि गाडी आखूड. स्वीडनच्या 'टेक्निकेन्स वेर्ल्ड' या मासिकाचे पत्रकार रॉबर्ट कॉलिन यांनी तिची एल्क चाचणी घेतली. एल्क हे तिकडच्या जंगलातलं घोड्याएवढं हरीण. ते अचानक रस्त्यात आलं असं धरून, ब्रेकला हात न लावता गाडी झटक्याने शेजारच्या लेनमध्ये काढायची आणि समोरून काही येण्याआधी तितक्याच झटक्याने परत आपल्या लेनमध्ये आणायची. ताशी ६० च्या आसपास ए-क्लास चक्क उलटली. पूर्व जर्मनीची जुनाट ट्राबांट याच कसरतीतून सुखरूप निघाली, असंही छापून आलं आणि जगभर हशा पिकला. मर्सिडीझने काही काळ गाड्या देणं थांबवलं, सस्पेन्शन आणि टायर बदलले, आणि १९९५ पासून महागड्या गाड्यांतच मिळणारी ईएसपी यंत्रणा या सर्वांत छोट्या गाडीत सरसकट बसवून दिली. बॉश ज्याला ईएसपी म्हणते तेच हे ईएससी. मी म्हणायचो, गाडी मुळात डोईजड आणि इलाज इलेक्ट्रॉनिक! मांडीला जखम, शेंडीला मलम.

हे मत पहिल्यांदा हललं ते आकड्यांनी. अमेरिकेच्या रस्तेसुरक्षा खात्याने २००७ मध्ये नियम काढला, की २०१२ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या हलक्या वाहनात ईएससी हवंच. त्या नियमासोबत दिलेला अंदाज असा होता, की दुसऱ्या कुणाला न धडकता गाडी एकटीच रस्ता सोडून जाते तसले अपघात ईएससीमुळे साध्या गाड्यांत ३४ टक्क्यांनी आणि एसयूव्हींत ५९ टक्क्यांनी घटतात. युरोपने नोव्हेंबर २०१४ पासून प्रत्येक नव्या मोटारीला ते सक्तीचं केलं. मी माझ्या ठेवणीतल्या शंका बाहेर काढल्या. ईएससी महागड्या गाड्यांत असतं, महागड्या गाड्यांचे मालक वयस्क, जपून चालवणारे, मग अपघात कमी दिसणारच. पण या अभ्यासांत एकाच मॉडेलच्या गाड्या ताडून पाहिल्या होत्या, ईएससी येण्याआधीच्या आणि आल्यानंतरच्या. देश बदलला तरी कल बदलत नव्हता.

मग वाइल्डसाहेबांची मात्रा एबीएसला लागू पडली ती इथे का पडेना? यावर मी बरेच दिवस डोकं खाजवलं. मला सापडलेलं उत्तर त्या बटणापाशीच होतं. एबीएस चालकाला जाणवतं. ब्रेक कचकचून दाबला तरी गाडी छान थांबते असं कळतं, आणि मग माणूस थोडा उशिरा ब्रेक दाबायला लागतो. ईएससी मात्र वर्षानुवर्षं गप्प बसून असतं. गाडी हाताबाहेर जायला लागली तरच ते जागं होतं. बहुतेक मालकांना आपल्या गाडीत ते आहे हेच माहीत नसतं. जी शिल्लक आपल्याजवळ आहे हेच ठाऊक नाही, ती उधळणार कशी? लोकांच्या ज्या अज्ञानाला मी हसत होतो, त्या अज्ञानानेच ही यंत्रणा वाया जाण्यापासून वाचवली होती.

तरीही आकडे डोक्याला पटतात, हाताला पटत नाहीत. हाताला पटलं ते एका चाचणी-मार्गावर. गाड्यांच्या कंपन्यांकडे ओल्या बसाल्टच्या फरशांचे पट्टे असतात, वर सतत पाण्याचे फवारे. दिसायला साधी ओली फरशी, पण पकड जवळजवळ बर्फासारखी. अशा पट्ट्यावर एल्क चाचणीसारखीच लेन बदलायची होती, आधी ईएससी बंद ठेवून. मी खुशीत होतो. उजवीकडे काढली, डावीकडे परत घेतली, आणि मागची चाकं उजव्या अंगाला निसटली. काकांचं शिक्षण हातात होतं. स्टेअरिंग उलटं मारलं, मागची बाजू सावरली, आणि ती सावरल्याबरोबर उलट्या दिशेने दुप्पट जोरात फेकली गेली. दुसऱ्या फेकीला माझे हात पुरे पडले नाहीत. गाडी भोवऱ्यासारखी फिरून आलो त्या दिशेला तोंड करून थांबली. शेजारी बसलेल्या प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही, तो म्हणाला, "पहिली सगळ्यांना जमते."

मग ईएससी चालू ठेवून तेच. वेग तोच, हात तेच. डावीकडे परत घेताना मागची बाजू निसटतेय असं बुडाला जाणवलं, आणि त्याच क्षणी पायाखालून कटकटकट असा कोरडा आवाज आला. पुढच्या उजव्या कोपऱ्यात कुणीतरी नांगर टाकावा तसं गाडीचं नाक किंचित बाहेर ओढलं गेलं आणि मागची बाजू आपोआप रांगेत आली. ब्रेकवर माझा पाय नव्हता. पिवळा दिवा लुकलुकून विझला.

नंतर त्यांनी संगणकावर आलेख दाखवला. चार चाकांच्या ब्रेकच्या दाबाच्या चार रेघा. तीन जमिनीला चिकटलेल्या आणि पुढच्या उजव्या चाकाची एकटीच सुळक्यासारखी वर जाऊन खाली आलेली. सगळा खेळ सेकंदाच्या आत. त्या आलेखाकडे मी पुन्हा पुन्हा बघत राहिलो. माझं मत बदलल्याची नेमकी जागा विचारली तर मी तो सुळका दाखवीन.

कारण त्या सुळक्यात यंत्राची हुशारी कमी आणि अवजाराचा फरक जास्त दिसत होता. माझ्या पायाखाली ब्रेकचं पेडल एकच. ते दाबलं की चारही चाकांना ब्रेक लागतो. घसरलेल्या गाडीला तेच सर्वांत घातक, कारण वळणात आधीच संपत आलेली पकड चारही चाकांवर एकदम मागितली जाते. मला हवं असलं तरी फक्त पुढच्या उजव्या चाकाला ब्रेक लावता येत नाही. काकांनाही येत नव्हता, रॅली जिंकणाऱ्यालाही येत नाही. यात कौशल्याची कमतरता नाही. ते पेडलच कुणी दिलेलं नाही. मी आयुष्यभर माणूस विरुद्ध यंत्र अशी स्पर्धा लावत होतो आणि दोघांच्या हातातली हत्यारं वेगळी आहेत हे बाजूला राहिलं होतं.

यंत्रणा काय करते हे एकदा या नजरेने पाहिलं की त्यात गूढ काही उरत नाही. स्टेअरिंग किती वळवलंय हे एक संवेदक सांगतो, म्हणजे चालकाला कुठे जायचंय ते कळलं. गाडी स्वतःभोवती किती वेगाने फिरतेय आणि आडवी किती ढकलली जातेय हे दुसरे संवेदक सांगतात, म्हणजे गाडी खरी कुठे चाललीय ते कळलं. बॉशच्या यंत्रणेत ही ताडणी सेकंदाला २५ वेळा होते. दोन्हींत फरक पडला की एखाद्याच चाकाला चिमटा. मागची बाजू बाहेर निसटत असेल तर वळणाच्या बाहेरच्या अंगाचं पुढचं चाक, नाक वळायलाच तयार नसेल तर आतल्या अंगाचं मागचं. जोडीला इंजिनाची ताकद कमी. पकड वाढत नाही, हे माझं म्हणणं शेवटपर्यंत खरंच राहिलं. पण आहे ती पकड चार चाकांत वाटून देणं हे वेगळं काम आहे, आणि ते माझ्या आवाक्यातलं नाही. हे काम घडवून आणणारे बॉशचे अभियंते आंतोन फान झांटेन यांना २०१६ मध्ये युरोपीय संशोधक पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला. त्या बातमीने मला मनापासून बरं वाटलं.

ए-क्लासबद्दलही मी आता वेगळा विचार करतो. गाडी डोईजड होती, हे खरंच. पण डोईजड गाड्याच लोकांना हव्या आहेत. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाड्यांत आता निम्म्याहून जास्त एसयूव्ही आणि तत्सम उंच गाड्या असतात. आपले स्पीडब्रेकर आणि खड्डे बघता त्यात नवल नाही. दोन चाकांमधलं अंतर दीड मीटर आणि गुरुत्वमध्य ५५ सेंटीमीटरवर असेल तर स्थिरतेचा गुणांक, म्हणजे त्या अंतराचं निम्मं भागिले गुरुत्वमध्याची उंची, सुमारे १.३६ येतो, गुरुत्वमध्य ७० सेंटीमीटरवर गेला की तो १.०७ वर उतरतो. वर कॅरियरला बॅगा बांधल्या की आणखी खाली. अशी गाडी आडवी घसरत गेली आणि तिचं चाक साइडपट्टीच्या मुरुमात रुतलं किंवा कठड्याला अडलं की ती पालथी होते. आडवी घसरूच दिली नाही तर पालथी होण्याचा प्रश्न पुष्कळ वेळा उद्‌भवत नाही. एसयूव्हींचा आकडा ५९ टक्क्यांवर जातो त्याचं एक कारण हे असावं. सगळ्यांनी बुटक्या गाड्या घ्याव्यात हा माझा आग्रह तत्त्वाला धरून होता, पण बाजार तत्त्वावर चालत नाही.

याहून खोलवर गेलेली गोष्ट आणखी एक आहे आणि ती गाडीची नाही. 'ज्याला जमत नाही त्याने हळू जावं' या माझ्या वाक्यात एक तोरा होता. रस्ता हा उस्तादांचा, बाकीच्यांनी कडेने जावं. पण घाटातला रस्ता दुपदरी असतो. आंबा घाटात किंवा ताम्हिणीत मी माझ्या बाजूने कितीही शिस्तीत चाललो असलो, तरी समोरून येणारा, रात्रभर जागलेला, गोटा झालेल्या टायरवर उतरणारा माणूस वळणात बाहेर फेकला गेला तर तो येतो माझ्याच लेनमध्ये. तिथे माझ्या हाताला कितीही सराव असो, त्याचा उपयोग त्याच्या गाडीला नाही. त्याच्या गाडीत ईएससी असेल तर ते त्याच्याइतकंच मलाही वाचवतं. ज्याला गाडी चांगली चालवता येते त्याने स्वतःपुरतं ते बटण बंद ठेवलं तर ठेवो. पण दुसऱ्यांना 'घेऊ नका' म्हणण्यात मी माझाच तोटा करत होतो. हे लक्षात आल्यावर मी बटण दाबणं सोडलं.

आता जे बदललेलं नाही तेही सांगतो, नाहीतर कुणी समजेल की मी पेटीचा भक्त झालो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? पकड टायर आणि रस्त्याच्या मधे तयार होते आणि तिथे नसेल तर कुठलीही यंत्रणा ती निर्माण करू शकत नाही. टायरच्या खाचांमध्ये, तळाशी, लहानसे उंचवटे असतात. झीज त्यांच्या पातळीला आली की खाच १.६ मिलिमीटर उरली, म्हणजे टायर कायद्याने संपला. दुकानात जा, टायरवाला अंगठ्याने चाचपून म्हणतो, "साहेब, अजून दहा हजार सहज काढतील." कोरड्यावर काढतीलही. पण खाचांचं काम असतं पाणी बाहेर फेकणं. ते जमलं नाही की टायर पाण्यावर तरंगायला लागतो आणि मग स्टेअरिंग, ब्रेक, ईएससी सगळंच निकामी. विमानांच्या टायरवर नासाने १९६० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून यासाठी एक ठोकताळा निघाला. त्या हिशोबाने ३२ पीएसआय हवेचा टायर साचलेल्या पाण्यावर ताशी ९४ च्या आसपास तरंगायला लागतो. हवा २४ वर आली असेल तर ८२ च्या आसपासच. समृद्धी महामार्गावर मोटारींना १२० ची मुभा आहे. पावसात तो फलक वाचताना हे दोन आकडे आठवावेत.

उतारावरचंही तसंच. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेले ट्रक किती अपघातांना कारण झाले हे पुणेकरांना सांगायला नको. इंजिनाची ओढ काढून घेतली की सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि मग लागतच नाहीत. जो ब्रेक तापून गेलाय त्याला चार चाकांत वाटून देणार काय? काकांचं 'गियर खाली घे' तिथे आजही एकमेव औषध आहे.

आणि सगळ्यांत मोठी खंत दुचाकीची. २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यांतली ४४ टक्के दुचाकीवरची होती. मोटारीला फिरण्यापासून अडवणारं हे तंत्र दोन चाकांना तसंच्या तसं लावता येत नाही. तिथे एबीएसलाच खरी किंमत आहे, कारण मोटारीचं चाक जाम झालं तर ती घसरते, पण दुचाकीचं पुढचं चाक जाम झालं तर माणूस पडतो. एबीएसबद्दलचा माझा जुना शेरा दुचाकीला मी कधीच लावला नाही. पण २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस सक्तीचं झालं ते १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना. रोज कामाला जाणारा, डबा पोचवणारा, पोरांना शाळेत सोडणारा माणूस बहुधा त्याखालच्या गाडीवर असतो. मोटारवाल्याच्या ईएससीवर मत बदललं म्हणून मी पाठ थोपटून घ्यावी असं यात काही नाही.

मोटारींच्या बाबतीत मात्र निदान विचारायची सोय झाली आहे. गाड्यांची सुरक्षितता जोखणाऱ्या, २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅपच्या चाचणीत तीन किंवा त्याहून जास्त तारे हवे असतील तर गाडीत ईएससी असावं लागतं. तरी शोरूममध्ये विक्रेता आधी मोठा स्क्रीन दाखवतो, मग सनरूफ, आणि ईएससी माहितीपत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात. परवा माझा भाचा गाडी बुक करायला निघाला होता. एकाच किमतीत दोन पर्याय, एकात सनरूफ, दुसऱ्यात ईएससी. मी दुसऱ्यावर बोट ठेवलं तर तो हसायला लागला.

"मामा, तूच ना म्हणायचास, चालवणाऱ्याच्या हातात पाहिजे, पेटीत नाही?"

"म्हणायचो. आणि टायरचं अजून म्हणतो. पण तुझ्या पायाखाली ब्रेक किती?"

"एक."

"मग चाकं चार आहेत, उरलेला हिशोब कुणाला तरी करू दे. सनरूफमधून डोकं बाहेर काढायचा तसाही दंड होतो."

त्याने ईएससीवाली घेतली. त्याच्या बायकोला सनरूफ हवं होतं, त्यामुळे सध्या त्यांच्या घरी माझं नाव फारसं चांगलं नाही. तेवढं मी सोसायला तयार आहे.